जुन्या ईकोची सायकल-सहलींसाठी कॅम्पर व्हॅन करायची आहे : आतील रचना, वीज आणि आरटीओविषयी सल्ला हवा

घाटवाट, पुणे

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी, खाजगी नोंदणीची पाच आसनी मारुती ईको आहे. घरात दुसरी गाडी आल्यापासून ती फारशी वापरात नाही. विकायला काढली तर हाती येणारी रक्कम एवढी कमी आहे की ती ठेवून घ्यावी आणि सायकल-सहलींसाठी मुक्कामाची गाडी म्हणून तिची आतून नव्याने बांधणी करावी, असा विचार मी आणि माझी पत्नी करत आहोत. आम्ही दोघेही सायकल चालवतो. तिची रोड बाइक आहे आणि माझी २९ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे खडबडीत वाटांवरची माउंटन बाइक.

आमच्या गरजा मोजक्या आहेत. शुक्रवारी रात्री पुण्यातून निघून वाई, भोर, भंडारदरा किंवा दापोलीच्या बाजूला पोहोचावे, गाडीतच झोपावे आणि उजाडण्यापूर्वी सायकलवर बसावे. लॉजवर उतरले की दोन अडचणी हमखास येतात : सायकली खोलीत नेऊ देत नाहीत, आणि पहाटे साडेचारला फाटक उघडायला कोणी जागे नसते. ऊन चढण्याआधी घाट संपवायचा असेल तर ही पहाटेची वेळ हातची जाऊन चालत नाही. स्वच्छतागृह, वातानुकूलन किंवा मोठे स्वयंपाकघर आम्हाला नको. दोघांना पाय पसरून झोपता यावे, सायकली सुरक्षित राहाव्यात, एक पंखा, दोन दिवे आणि चहा करण्याची सोय असावी, एवढेच पुरे आहे.

या विषयावर जे वाचायला आणि पाहायला मिळते ते बहुतेक परदेशी मोठ्या व्हॅनबद्दल असते. त्यांत माणूस उभा राहू शकतो आणि पलंगाखाली चार सायकली मावतात. ईकोच्या आकाराच्या गाडीत पलंग आणि दोन सायकली एकत्र बसतात का, की सायकली मागच्या दारावर किंवा टपावर न्याव्यात? मागचा बाक काढला तर आरटीओची अडचण येते का? आणि पंखा, दिवे व मोबाइलसाठी किती क्षमतेची बॅटरी घ्यावी? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाना-पक्कड, सातारा

रचनेचा विचार करण्यापूर्वी गाडी रिकामी करा आणि पत्रा पाहा. या वयाच्या गाडीत गंज वरून दिसत नाही. तो रबरी मॅटखाली, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत, चाकांच्या कमानींच्या आतल्या बाजूला आणि टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत असतो. गाडी कोकणात वरचेवर जात असेल तर खारी हवा या जागा आधी खाते. मॅट काढून पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे उडाले तर तेथे आधी तारेच्या ब्रशने घासणे, गंजरोधक लावणे, प्रायमर मारणे आणि गरज असेल तर पत्रा जोडणे ही कामे करून घ्या. एकदा वर फोम आणि प्लाय चढला की खालचा गंज वाढताना तुम्हाला कधीच दिसणार नाही.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी लहान भोके असतात. उष्णतारोधक थर बसवताना ती अनेकदा बुजवली जातात आणि मग पहिल्या पावसाळ्यात दारात पाणी साठते. ती मोकळी ठेवण्याविषयी काम करणाऱ्याला आधीच बजावून सांगा.

दुसरी गोष्ट यंत्राची. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. पसरणी घाट चढून गाडी थांबवली की आसनांखालचा भाग बराच वेळ तापलेला राहतो आणि ती उष्णता आतच येते. म्हणून झोपताना डोके मागच्या दाराकडे आणि पाय पुढे अशी रचना करा. बॅटरी, गॅसचा डबा किंवा खाण्याचे पदार्थ पुढच्या आसनांजवळ ठेवू नका. रेडिएटर, कूलंटचे रबरी पाइप, पंख्याचा पट्टा आणि मागचे ड्रम ब्रेक यांवर आधी खर्च करा, कारण भरलेली गाडी घाटातून उतरवताना हीच मंडळी तुमची काळजी घेणार आहेत. सायकली आणि सामान भरल्यावर टायरमधील हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाइतकी ठेवा.

रंधा, पुणे

मी फर्निचर आणि फॅब्रिकेशनची कामे करतो. छोट्या व्हॅन आतून बांधून देण्याची कामेही अधूनमधून येतात. त्या अनुभवावरून माझे ठाम मत आहे की सायकलवाल्याची व्हॅन सायकलींच्या मापावरून बांधावी. बहुतेक लोक आधी पलंग आखतात, मग कपाटे आखतात आणि शेवटी सायकल कोठे ठेवायची हा प्रश्न उरतो. त्या वेळी टप आणि मागचे दार यांखेरीज पर्याय राहिलेला नसतो.

या दोन जागा मी टाळायला का सांगतो ते लिहितो. ईकोची उंची साधारण १.८ मीटर आहे. टपावर उभी सायकल लावली की एकूण उंची तीन मीटरच्या आसपास जाते, आणि सोसायटीच्या फाटकाची कमान, बांधलेली पार्किंगची जागा, झाडाची आडवी फांदी या सगळ्यांचे भान चालकाला प्रत्येक क्षणी ठेवावे लागते. तेरा-चौदा किलोची एमटीबी खांद्याच्या वर उचलून ठेवणे शंभर किलोमीटर सायकल चालवून आल्यावर सुखाचे नसते. मागच्या दारावर पट्ट्यांनी अडकवायचा स्टँड स्वस्त पडतो, पण त्याने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, दार उघडता येत नाही, आणि महामार्गावरची सगळी धूळ चेन व गिअरवर बसते. म्हणून सायकली आत.

आता आतील मापे. ईकोची बाहेरची लांबी ३६७५ मिलिमीटर आणि रुंदी १४७५ मिलिमीटर आहे. दारांची जाडी आणि चाकांच्या कमानी वजा केल्यावर प्रत्यक्ष हाती येणारी जागा प्रत्येकाने टेपनेच मोजावी. मोजताना चालकाचे आसन तुमच्या नेहमीच्या चालवण्याच्या स्थितीत ठेवा. पुढे सरकवलेल्या आसनावरून काढलेले माप नंतर फसवते. पुढचे चाक काढलेली मोठी सायकल फोर्कपासून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुपाती भागापासून, मागच्या चाकापर्यंत साधारण १.४ मीटर भरते. चाकासकट ती १.७ ते १.८ मीटर होते. म्हणजे पुढचे चाक काढले तर सायकल ईकोत सरळ उभी मावते, चाकासह तिरकी घुसवावी लागते. एमटीबीचे हँडल ७२ ते ७६ सेंटिमीटर रुंद असते आणि रोड बाइकचे ४२ च्या आसपास. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून लावल्या तर हँडले एकमेकांत अडकतात. एक पुढे तोंड करून आणि दुसरी मागे तोंड करून लावली की एकीचे हँडल दुसरीच्या मागच्या चाकाजवळ येते आणि दोन्ही मिळून निम्म्या रुंदीच्या थोड्या पलीकडे बसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन सायकली आणि दोन माणसे ईकोमध्ये एकाच वेळी रात्र काढू शकत नाहीत. पलंगाखाली सायकल उभी करायची तर तिची सीट खाली करूनही पलंग पाऊण मीटरच्या वर घ्यावा लागतो, आणि मग वर बसायला जागा उरत नाही. टाटा विंगरसारख्या गाडीत ते जमते, कारण ती पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने तिची मागची जमीन खाली असते आणि डोक्यावर भरपूर उंची मिळते. ईकोत मार्ग एकच : प्रवासात अर्धा पलंग, रात्री पूर्ण पलंग. डाव्या बाजूला कायमचा अरुंद बाकासारखा भाग ठेवा आणि त्याखाली प्लास्टिकचे क्रेट सरकवा. उजवीकडचा भाग बिजागरीवर उचलून डाव्या भागावर दुमडता येईल असा करा. दुमडलेल्या भागाने मोकळी झालेली जागा सायकलींची. मुक्कामी पोहोचल्यावर सायकली बाहेर काढायच्या आणि पलंग उघडायचा. लांबी कमी पडली तर पुढच्या आसनांच्या पाठी पुढे झुकवून त्यांच्यावर टेकणारी आणखी एक फळी करता येते. गादीचा वरचा पृष्ठभाग आणि छत यांत किमान ९५ सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे मान न वाकवता बसून चहा पिता येतो. ही उंची मिळत नसेल तर पलंग खाली घ्या, क्रेट लहान घ्या, पण बसण्याची उंची सोडू नका. पावसाच्या संध्याकाळी तुम्ही झोपण्याइतकाच वेळ बसून काढणार आहात.

फोर्क पकडणारे माउंट आडव्या फळीवर बसवायचे असतात. ते विकत घेण्यापूर्वी दोन्ही सायकलींचे एक्सल, म्हणजे चाकाचे आस, पाहा. जुन्या सायकलींत ९ बाय १०० मिलिमीटरचे क्विक रिलीज असते, अलीकडच्या डिस्क ब्रेकच्या रोड बाइकमध्ये १२ बाय १०० चे थ्रू एक्सल, तर नव्या एमटीबीमध्ये १५ बाय ११० चे. एकाचे माउंट दुसऱ्याला चालत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मधे प्लास्टिकची चकती ठेवायला विसरू नका. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पहाटे अंधारात ते मागे ढकलत बसावे लागते.

माउंटची फळी नुसत्या लाकडी स्क्रूने धरू नका. मागच्या बाकाचे मूळ बोल्ट ज्या छिद्रांत होते ती छिद्रे गाडीच्या सांगाड्यातली सर्वांत भरवशाची जागा आहे. तेथे ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि रुंद वॉशर वापरून एक लोखंडी आडवी पट्टी बसवा व सगळे फर्निचर त्या पट्टीला जोडा. पुढच्या आसनांमागे जाळी जरूर लावा. जोराच्या ब्रेकला मागची प्रत्येक सुटी वस्तू चालकाच्या पाठीवर येते.

वजनाचा हिशेब कागदावर करा. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटरचे प्लाय ३३ ते ३७ किलो भरते, १२ मिलिमीटरचे २२ ते २५ किलो. खाली २५ मिलिमीटर चौकोनी, १६ गेजच्या लोखंडी नळीचा सांगाडा केला, जी मीटरला सव्वा किलोच्या आत असते, तर वर १२ मिलिमीटरचे प्लाय सहज पुरते. प्लाय पाण्याला टिकणारे, आयएस ७१० चा शिक्का असलेले घ्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापूनही मिळते. उष्णतारोधनासाठी एसीच्या डक्टला लावतात तो बंद पेशींचा नायट्राइल फोम टपाच्या आतून सलग चिकटवा. काचलोकर आपल्या दमट हवेत पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती वापरू नये. आरसी बुकावर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा दोन्ही असतात. दोन माणसे, दोन सायकली, वीस लिटर पाणी आणि तुमचे फर्निचर मिळून त्या मर्यादेच्या बरेच आत राहिले पाहिजे.

नियमावली, ठाणे

आरटीओचा भाग लिहितो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालातही हीच भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून टप कापून वर उचलणारे छप्पर बसवणे, बाजूच्या पत्र्यात नवी खिडकी पाडणे किंवा सांगाड्याला वेल्डिंग करणे यांतले काहीही परवानगीशिवाय करू नका.

दुसरीकडे, कॅम्पर व्हॅन ही संकल्पना आपल्या नियमांना अपरिचित नाही. केंद्र सरकारच्या वर्गीकरणात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांमध्ये येते, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र वाहन-मानक आहे. परंतु ते प्रमाणन वाहने बांधून विकणाऱ्यांच्या आवाक्यातले आहे. एका जुन्या ईकोसाठी तो मार्ग मला व्यवहार्य वाटत नाही. महाराष्ट्र शासनाचे २०२१ चे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण पर्यटन-व्यवसायासाठी आहे, त्याचा तुमच्या घरगुती कामाशी संबंध नाही.

तुमच्यासाठी योग्य मार्ग म्हणजे रंधा यांनी सांगितलेली, मूळ बोल्टच्या छिद्रांना जोडलेली आणि पान्याने तासाभरात सुटी होणारी रचना. तरीही बाक काढणे हा बदल धरला जाईल की नाही याविषयी आपल्या आरटीओकडे काम सुरू करण्यापूर्वी लेखी अर्ज करा आणि उत्तर जपून ठेवा. काढलेला बाक, त्याचे पट्टे आणि बोल्ट घरी सांभाळा. गाडी २०१२ ची असल्याने नोंदणीची १५ वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील. पुढे पाच वर्षांचे नूतनीकरण तपासणीनंतर होते आणि त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीला गाडी मूळ अवस्थेत न्यावी लागणार हे गृहीत धरूनच फर्निचर आखा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. दाव्याच्या वेळी न सांगितलेला बदल पुढे येणे सर्वांत महाग पडते.

तारजोडणी, नाशिक

विजेच्या बाबतीत आधी खर्च मोजा, मग बॅटरी निवडा. बारा व्होल्टचा चांगला पंखा २० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांना १६० वॅट-तास. दोन एलईडी दिवे मिळून १० वॅट, चार तासांना ४०. दोन मोबाइल, सायकलचे दिवे आणि जीपीएस यांना मिळून ८० धरा. एकूण रात्रीला २८० वॅट-तास होतात.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास बॅटरी १२८० वॅट-तासांची असते. त्यातले एक हजार निर्धास्त वापरता येतात, म्हणजे तीन रात्री. शिशाच्या बॅटरीतून निम्मेच काढावे, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय तेवढ्याच क्षमतेला तिचे वजन लिथियमच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. तुमचे मुक्काम एक-दोन रात्रींचे असतील तर ५० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरेल आणि सोलर पॅनेलची गरज पडणार नाही. फ्रिज ठेवायचा असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो, पण तुम्ही तो मागितलेला नाही आणि ते योग्यच आहे.

ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीला सरळ जोडू नका. लिथियम बॅटरी रिकामी असताना प्रचंड प्रवाह ओढते आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारे वीज तयार करणारे यंत्र, त्याने तापतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीकडून दुसरी बेताच्या प्रवाहाने भरणारे उपकरण, लावा. दहा अँपिअरचा चार्जर ताशी साधारण १३० वॅट-तास भरतो, म्हणजे एका रात्रीचा खर्च सव्वादोन तासांच्या प्रवासात भरून निघतो. इंजिन बंद झाले की तो चार्जरही बंद झाला पाहिजे, म्हणजे सकाळी गाडी सुरू होण्याची खात्री राहते.

तार बहुतारी तांब्याची आणि ६ चौरस मिलिमीटरची घ्या. घरात वापरतात ती एकेरी कडक तार सततच्या हादऱ्यांनी तुटते. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांना हवा, कारण मधल्या तारेला दोन्ही बाजूंनी वीज मिळते. पत्र्यातून तार जाते तेथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) बसवा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे उत्पादक सांगतात. ईकोच्या पुढच्या आसनांखालची उष्णता लक्षात घेता बॅटरीची जागा मागच्या चाकाच्या कमानीजवळ, खाली आणि घट्ट बांधलेली असावी.

घाटवाट, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्रा तपासणे आणि आरटीओला अर्ज या दोन गोष्टींपासून सुरुवात करतो आहे. दुमडणाऱ्या पलंगाची रचना पत्नीलाही पटली. एकच शंका उरते. रात्री सायकली गाडीबाहेर ठेवायच्या हे आम्हा दोघांनाही जड जाते. त्या सुरक्षित कशा ठेवाव्यात? आणि अशी गाडी असताना सहल कशी आखावी, विशेषतः एकानेच सायकल चालवायची असेल तर, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

ब्रेव्हे, कोल्हापूर

आधी सायकलींविषयी. गाडी भिंतीला किंवा कुंपणाला समांतर, हातभर अंतर ठेवून लावा आणि सायकली त्या फटीत उभ्या करा. ईकोला दोन्ही बाजूंना सरकती दारे आहेत, त्यामुळे भिंतीकडची बाजू अडली तरी दुसरीकडून ये-जा करता येते. दोन्ही फ्रेम आणि मागची चाके एकाच जाड साखळीत ओवून ती साखळी गाडीच्या लोखंडी मागच्या चाकाच्या भोकातून घ्या. कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीलाच अडकवा, म्हणजे साखळी सोडल्याशिवाय गाडी हलणार नाही. सायकलींची पुढची चाके आणि सीट आत घ्या. पुढचे चाक नसलेली सायकल कोणाला चालवत नेता येत नाही. वर जाडसर ताडपत्री टाकली की दवही लागत नाही आणि नजरही जात नाही.

जागा निवडताना मी एकांत शोधत नाही. महामार्गावरचा रात्रभर उघडा असणारा पेट्रोल पंप, ओळखीचा ढाबा, देवस्थानाच्या भक्तनिवासाचे आवार, एखाद्या शेतकऱ्याचे खळे, अशा ठिकाणी विचारून थांबावे. परवानगी मागितली की पाणी आणि शौचालयाची सोयही बहुधा होते. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबू नये. पावसाळ्यात घाटातल्या दरडीखालच्या मोकळ्या जागा कितीही सुंदर दिसल्या तरी तेथे गाडी लावू नये.

सहलीची आखणी गाडीशी परत येणारी, म्हणजे गोल असावी. दोघेही सायकलवर असाल तर दुसरा मार्ग नाहीच. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचा शेंडी, रतनवाडी, घाटघर आणि पुन्हा शेंडी हा फेरा यासाठी उत्तम आहे. वाईत गाडी ठेवून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर करून उतरता येते. साताऱ्याहून कास आणि बामणोलीपर्यंत जाऊन परतता येते, मात्र फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार टाळावेत. एक जण सायकलवर आणि दुसरा गाडीत असेल तर कोकणचा किनारा घ्यावा. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे आणि जयगड ते तवसाळ या फेरीबोटींवर गाड्याही चढतात, त्यामुळे दोघांची भेट आपोआप जेटीवर ठरते. अर्ध्या वाटेवर भूमिका बदलता येतात. रात्री शेवटची बोट गेली की पलीकडे जायला मोठा वळसा पडतो. म्हणून शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी तेथेच विचारून घ्या.

पुढे कधी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-राइड, करण्याचा विचार असेल तर एक नियम आताच सांगतो. त्या राइडमध्ये मदतीची गाडी फक्त नियंत्रण-बिंदूंवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या ठिकाणी, भेटू शकते. वाटेत मागे चालणारी किंवा मधेच पाणी देणारी गाडी चालत नाही. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत याच्या उलट आहे, तेथे मदत-गाडी स्पर्धकाच्या सोबतच असते. सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात. त्यात दोन-तीन तासांची झोप नियंत्रण-बिंदूवर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत मिळाली तर पुढच्या दोनशे किलोमीटरचा नूर बदलतो. शेवटी ते अंतर पायांनीच कापायचे असते, पण पाठीला सपाट फळी मिळाल्याचा फरक मी अनुभवला आहे.

रंधा यांनी पाण्याचा उल्लेख केला, त्याला जोडून एक सोय सुचवतो. कृषी सेवा केंद्रात बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप मिळतो. तो कोरा घ्या, औषध मारलेला जुना पंप कोणी फुकट दिला तरी नको. सायकलवरचा चिखल धुणे, हातपाय धुणे आणि दाराआड उभे राहून अंघोळ करणे या तिन्ही कामांना तो पुरतो. त्याची बॅटरी तुमच्या पलंगाखालच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून चार्ज करता येते, किंवा घरून भरून नेली तरी शनिवार-रविवार निघतो.

चहाचा गॅस गाडीच्या बाहेर पेटवा. पाऊस असला तर मागचे दार वर उचलून त्याच्या आडोशाला, पण बंद गाडीत कधीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो पलंगाखालीच साचतो, आणि बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. त्याच कारणाने उकाडा कितीही असला तरी इंजिन सुरू ठेवून झोपू नका. दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे खाली ठेवून त्यांवर चुंबकाच्या पट्ट्यांनी मच्छरदाणीचे कापड लावा आणि पंखा मागच्या बाजूला, डोक्याच्या वर बसवा.

फर्निचर पक्के करण्याआधी एक रात्र नुसत्या फळ्या, दोरी आणि गाद्या घालून घराजवळच झोपून पाहा, आणि पहाटे अंधारात दोन्ही सायकली बाहेरून सोडवून, चाके बसवून निघण्यास किती वेळ लागतो तेही पाहा. रंधा यांनी दिलेल्या मापांत तुमच्या दोघांच्या उंचीनुसार बदल करायचा असेल तर तो त्याच सकाळी कळेल आणि प्लाय कापण्याआधी करता येईल.